उजेडाची साक्ष

वाचकहो, आज रात्रीचा स्वयंपाक चालू असताना घरच्या माणसांची परवानगी काढून स्वयंपाकघरातला दिवा घटकाभर मालवा आणि गॅसच्या शेगडीकडे नीट पाहा. बर्नरच्या भोकाभोकावर एकेक छोटा निळा-हिरवट शंकू उभा असतो. एखादी निकामी सीडी घरात पडली असेल तर ती तिरपी धरून तिच्यात त्या ज्योतीचा उजेड पाहा. सूर्याच्या उजेडात दिसते तसे अखंड इंद्रधनुष्य तिथे दिसणार नाही. थोडे निळे, थोडे हिरवे, आणि मध्ये काळोख, असा काहीसा अंधुक प्रकार दिसेल. मग मिठाची चिमूट ज्योतीत टाका. ज्योत क्षणभर पिवळीजर्द होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. निळे-हिरवे पट्टे कार्बनाच्या लहान लहान रेणूंचे. तुमच्या शेगडीने आपल्या पोटात काय जळते आहे याची साक्ष दिली, आणि तीही न विचारता.

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवतो, आणि जन्म गेला तो मोडी कागद वाचण्यात. तरीसुद्धा आज या विषयावर लिहायला बसलो, याचे कारण सांगतो. इतिहासात आमचा सगळा झगडा साक्षीशी असतो. पत्र कोणाचे, कोणी लिहिले, केव्हा लिहिले? लिहिणारा तर कधीच निघून गेलेला. रसायनाच्या क्षेत्रात काही पाहुणे असे आहेत की ते लिहिणाऱ्यापेक्षाही क्षणभंगुर. जन्मतात आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत नाहीसे होतात. मागे राहतो तो फक्त त्यांचा उजेड. त्या उजेडावरून त्यांची ओळख कशी पटवली गेली, ही शंभराहून अधिक वर्षांची कथा आहे, आणि पुराव्याचे मोल ज्याला कळते त्याने ती ऐकण्याजोगी आहे.

प्रारंभ १८५९ चा. जर्मनीत हायडेलबर्ग येथे किर्शहॉफ आणि बुन्सेन या दोघांनी दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्याच्या उजेडाला ठराविक रेषा असतात आणि त्या दुसऱ्या कोणाच्या नसतात. या एका कसोटीवर त्यांनी १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधून काढली. त्याच्या जरासे आधी, १८५७ मध्ये, विल्यम स्वान या स्कॉटिश अभ्यासकाने कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांच्या ज्योती लोलकातून पाहून त्यांतले पट्टे मोजून ठेवले होते. आपल्या शेगडीतले हिरवे पट्टे ते हेच. आजही त्यांना स्वानचे पट्टे म्हणतात. दोन कार्बन परमाणूंचा रेणू ते देतो, हे मात्र पुष्कळ पुढे कळले. १८६८ मध्ये इंग्लंडातल्या विल्यम हगिन्सने धूमकेतूचा उजेड दुर्बिणीतून आणला, शेजारी एथिलीन वायूच्या ठिणगीचा उजेड ठेवला, आणि दोन्ही पट्टे एकमेकांसमोर आले. आकाशात शेपूट फुलवून हिंडणाऱ्या त्या भटक्याच्या अंगावर कार्बन आहे, हे माणसाला जमिनीवर बसून समजले.

इथे रेषा आणि पट्टा यांतला भेद सांगायला हवा. सुटा परमाणू उजेड देतो तो सुट्या रेषांत. रेणू देतो तो पट्ट्यांत; आणि पट्टा चांगल्या उपकरणातून पाहिला तर तो शेकडो बारीक रेषांचा विणलेला असतो. असे का? कारण रेणू नुसता उजळत नाही, तो थरथरतो आणि गिरक्याही घेतो. फुगडी घालणाऱ्या दोन मुली डोळ्यांपुढे आणा. हात आखडून घेतले की गिरकी जलद होते, हात लांब केले की मंद. रेणूचेही थोडेफार तसेच. परमाणूंमधले अंतर कमी असेल तर पट्ट्यातल्या बारीक रेषा विरळ पडतात, अंतर जास्त असेल तर त्या दाट बसतात. म्हणजे रेषांमधली जागा मोजली की फुगडीतले हात किती लांब आहेत ते कळते. ज्याला कोणी कधी डोळ्यांनी पाहिले नाही, त्याच्या अंगकाठीचे माप उजेडावरून निघते.

आता आपल्या पाहुण्याकडे वळू. रेणूमधून एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेतला की उरतो तो धनभारित रेणू. त्याला आयन म्हणतात. मिठाच्या पाण्यात आयन असतातच, पण ते पाण्याच्या रेणूंनी वेढलेले, सुखवस्तू. मोकळ्या वायूत, एकट्या पडलेल्या सेंद्रिय रेणूचे आयन म्हणजे वेगळीच जात. ते भेटेल त्याच्याशी संयोग पावतात, इलेक्ट्रॉन दिसला की गिळतात, आणि सगळ्यांचा भार एकाच जातीचा म्हणून एकमेकांना दूर लोटतात. बाटलीत भरून फडताळात ठेवावे अशी त्यांची सोय नाही. मग त्यांना ओळखायचे कसे?

एक मार्ग तराजूचा. केंब्रिजमध्ये जे. जे. टॉमसनने या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात धनकिरणांना चुंबकाने आणि विजेने वळवून त्यांचे वजन काढायची रीत बसवली. त्याचा सहकारी ॲस्टन याने ती नावारूपाला आणली आणि १९२२ चे रसायनाचे नोबेल मिळवले. तराजू उत्तम आहे. पण एक गंमत पाहा. नायट्रोजनच्या रेणूचे वजन चौदा अधिक चौदा, म्हणजे २८. कार्बन मोनॉक्साइडचे बारा अधिक सोळा, तेही २८. एथिलीनमध्ये दोन कार्बन आणि चार हायड्रोजन. चोवीस अधिक चार, पुन्हा २८! साध्या तराजूपुढे हे तिघे एकच. फार बारीक तराजू घेतला तर या तिघांना वेगळे करता येते, कारण परमाणूंची वजने अगदी पूर्णांकी नसतात. पण तेच परमाणू घेऊन दोन निराळ्या आकारांचे रेणू बांधले, तर बारीकातला बारीक तराजूही हात टेकतो. वजन कळते, चेहरा कळत नाही. चेहरा ओळखायला उजेडच हवा.

उजेडाने पकडलेल्या पहिल्या काही रेणुआयनांपैकी एक धूमकेतूच्या शेपटीत सापडला. १९०७ मध्ये डॅनियलचा आणि १९०८ मध्ये मोरहाउसचा असे दोन धूमकेतू येऊन गेले. त्यांच्या शेपटीचा वर्णपट घेतला तर त्यात असे निळसर पट्टे निघाले की ते ना स्वानचे ना ओळखीच्या दुसऱ्या कोणाचे. लंडनच्या आल्फ्रेड फाउलरने प्रयोगशाळेत नळीतला वायू पंपाने उपसत उपसत इतका विरळ केला की जवळजवळ काही उरलेच नाही, आणि मग तीतून वीज सोडली. धूमकेतूच्या शेपटीतले पट्टे नळीत उमटले! वायू कार्बन मोनॉक्साइडचा होता. पण पट्टे त्या अखंड रेणूचे नव्हेत, इलेक्ट्रॉन गमावलेल्या त्याच्या आयनाचे आहेत, हे उमगायला १९२० नंतरचे दशक उजाडावे लागले. नळी का विरळ करावी लागली, हेही मग कळले. दाट वायूत तो बिचारा आयन उजेड द्यायच्या आधीच कोणावर तरी आपटून संपत असे.

त्याच सुमारास, १९१० च्या मे महिन्यात, हॅलेचा धूमकेतू आला. त्याच्या वर्णपटात सायनोजेन या विषारी वायूच्या खुणा सापडल्याची बातमी आधीच पसरली होती आणि पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार असेही वर्तवले होते. युरोप-अमेरिकेत भोळ्या लोकांनी धूमकेतूवरच्या गोळ्या विकत घेऊन खाल्ल्या. काही झाले नाही. साक्ष खरी होती, पण साक्षीदाराने फक्त नाव सांगितले होते. प्रमाण किती, हा प्रश्न घाबरलेल्यांनी विचारलाच नाही. साक्ष किती दूर जाते आणि कुठे थांबते, हे न ओळखले की असे होते.

याच कार्बन मोनॉक्साइडच्या घराण्यात एक नाव आपल्या परिचयाचे आहे. त्या अखंड रेणूच्या वर्णपटातल्या एका पट्टमालिकेला जगभर ‘असुंडी पट्टे’ म्हणतात. आर. के. असुंडी यांनी १९२९ च्या सुमारास त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे ते बनारस हिंदू विद्यापीठात शिकवीत, आणि नंतर मुंबईजवळ तुर्भे येथील अणुशक्ती केंद्रात वर्णपटविज्ञानाचा विभाग त्यांनी सांभाळला. मुंबईकर वाचकांनी तिकडून जाताना हे जरूर आठवावे.

आता गोष्टीत एक निर्वासित येतो. गेरहार्ड हर्झबर्ग हा हँबर्गचा, जन्म १९०४ चा. डार्मस्टाट येथे तो शिकवीत असे. पत्नी लुईझे ही स्वतः वर्णपटविज्ञानाची अभ्यासक, आणि जन्माने ज्यू. नाझी राजवटीत अशा नवऱ्याला विद्यापीठात थारा नव्हता. १९३५ मध्ये दोघे कॅनडातल्या सास्काटून या दूरच्या गावी गेले. गहू पिकवणाऱ्या माळरानातले छोटे विद्यापीठ ते. तिथे बसून या माणसाने काय करावे?

कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेने ताऱ्यांच्या उजेडात काही बारीक काळ्या रेषा टिपल्या होत्या. त्या ताऱ्यांच्या नव्हत्या. तारा आणि आपण यांच्यामधल्या पोकळीत जो विरळ वायू आहे, त्याने उजेडातून तेवढा भाग गिळला होता. त्यांतल्या तीन रेषा, ४२३२, ३९५७ आणि ३७४५ अँगस्ट्रॉमच्या, कोणाच्या ते कळेना. १९४१ मध्ये शास्त्रज्ञांच्या चर्चेत असा तर्क निघाला की एक कार्बन आणि एक हायड्रोजन यांच्या जोडीचा आयन असावा. तर्काला पुरावा हवा. हर्झबर्ग सास्काटूनला परतला आणि आपला विद्यार्थी डग्लस याच्यासह कामाला लागला. नळीत भरपूर हेलियम, त्यात बेंझीनच्या वाफेचा नुसता वास म्हणावा इतका अंश, आणि वीज. नळीने जो उजेड दिला त्यात नेमक्या त्याच जागा उजळल्या. आकाशात ज्या रेषा काळ्या होत्या, त्या नळीत लखलखीत! जो रंग वस्तू गिळते तोच ती देते, हे किर्शहॉफने सांगून ठेवले होतेच. ताऱ्यांमधल्या पोकळीतला हा पहिला ओळखलेला रेणुआयन. हर्झबर्गला १९७१ मध्ये रसायनाचे नोबेल मिळाले. ज्या देशाने त्याला जाऊ दिले त्याने काय गमावले, याचा हिशेब इतिहासाच्या माणसाने मांडायची गरज नाही.

दोन परमाणूंची जोडी ओळखणे सोपे म्हणावे अशी अडचण पुढे आली. १९५० च्या आसपास जर्मनीत हर्मन शूलर सेंद्रिय वाफांमधून अगदी हलक्या हाताने वीज सोडून त्यांचा उजेड पाहत होता. त्याला एक हिरवट पट्टमालिका मिळाली. कोणाची ते कळेना, म्हणून तिला नुसते एक अक्षर चिकटवून ठेवले: टी. आमच्या दप्तरातही असे कागद असतात. लेखक अज्ञात, मजकूर अर्धवट, म्हणून क्रमांक घालून ठेवायचे आणि योग्य वाचकाची वाट पाहायची. टीला वाचक मिळाला १९५६ मध्ये. जॉन कॅलोमन याने कॅनडात, जिथे आता हर्झबर्गची प्रयोगशाळा भरभराटीला आली होती त्या ओटावात, तो पट्टा इतका ताणून छापला की त्यातली रेषानरेषा सुटी झाली. मग फुगडीचे गणित केले. उत्तर आले डायॲसिटिलीनचा आयन. चार कार्बन एका सरळ ओळीत आणि दोन टोकांना एकेक हायड्रोजन, अशी ती काठी.

काठी सरळ आणि दोन्ही टोके सारखी, हे कशावरून? रेणूच्या दोन्ही टोकांना अगदी सारखे हायड्रोजन असले की पट्ट्यातल्या बारीक रेषा एकाआड एक ठळक आणि फिक्या पडतात. असा ठेका दिसला की समजावे, दोन्ही टोके जुळी आहेत. आणखी एक युक्ती असते. हायड्रोजनाच्या जागी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम बसवायचा. त्याने रेषा किती सरकतात ते मोजले की हायड्रोजन कुठे बसला होता ते कळते. चोराने वेश पालटला तरी चालण्यावरून त्याला ओळखावे, तसे हे.

पण एकेका पट्ट्यामागे अशी वर्षे घालवायची तर किती रेणू हाती लागणार? १९६० नंतर एक निराळी वाट उघडली. लंडनमध्ये डेव्हिड टर्नर याने हेलियमच्या दिव्याच्या जंबुपार किरणांनी रेणूंतले इलेक्ट्रॉन बाहेर काढले आणि ते किती जोराने निघतात ते मोजले. त्यावरून कोणता इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा पडते, याचा जमाखर्च तयार झाला. डायॲसिटिलीनचा पाहा. सर्वांत वरचा इलेक्ट्रॉन काढायला १०.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, त्याच्या खालचा काढायला १२.६२. आता खालचा काढला तर तिथे जागा रिकामी होते, आणि वरचा इलेक्ट्रॉन त्या जागी उतरतो. उतरताना तो दोन्हींमधला फरक उजेडाच्या रूपाने टाकून देतो. १२.६२ वजा १०.१७, बाकी २.४५. एवढ्या ऊर्जेच्या उजेडाची तरंगलांबी सुमारे ५०६० अँगस्ट्रॉम, म्हणजे हिरवा. शूलरचा टी पट्टा नेमका तिथेच आहे! शाळेतल्या वजाबाकीने जुन्या साक्षीला दुजोरा दिला, आणि तोही अगदी निराळ्या वाटेने आलेला.

या जमाखर्चाचा उपयोग करून स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठात जॉन मायर आणि त्याचे सहकारी १९७५ च्या सुमारास मोठ्या शोधाला लागले. आधी यादी पाहायची, कुठला आयन उजळेल ते ठरवायचे, मग वाफेच्या बारीक झोतावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून तिचा उजेड टिपायचा. ॲसिटिलीनची क्लोरिन-ब्रोमिन घातलेली भावंडे, लांब लांब कार्बन-काठ्या, फ्लोरिनयुक्त बेंझीन, असे डझनावारी सेंद्रिय आयन त्यांनी उजेडात आणले. उजेड किती काळ टिकतो? डायॲसिटिलीनच्या आयनाचा एका सेकंदाच्या कोटीव्या हिश्श्याहूनही कमी. तेवढ्या काळात साक्ष नोंदवायची.

यात एक कोडे होते. बेंझीनचा आयन, जो सेंद्रिय रसायनाचा जणू कुलपुरुष, तो काही केल्या उजळेना. त्याला ऊर्जा मिळत होती, पण ती तो आतल्या आत थरथरण्यात जिरवून टाकी. याउलट बेंझीनला किमान तीन फ्लोरिन जोडले की त्याचा आयन उजेड देऊ लागे, आणि सहाच्या सहा जोडले तर छान उजळे. कारण असे की बेंझीनमध्ये उजेड देणाऱ्या पायरीच्या खाली एक चोरवाट असते, तिच्यातून ऊर्जा निसटते. फ्लोरिनमुळे ती चोरवाट बाजूला सरते आणि मग ऊर्जेला उजेड बनूनच बाहेर पडावे लागते. सांगायचा मुद्दा हा की मौन म्हणजे अनुपस्थिती नव्हे. उजेड दिसला नाही म्हणून आयन नव्हताच, असे म्हणता येत नाही. आमच्याकडेही नाही का? बखरीत नाव नाही म्हणून माणूस नव्हता, असे म्हणणारे विद्वान मी पाहिले आहेत.

दुसरी अडचण उष्णतेची. गरम रेणू हजार तऱ्हांनी गिरक्या घेतात. त्यामुळे रेषांची इतकी दाटी होते की सगळा मजकूर फरांटा होऊन बसतो. त्यावर तोड अशी निघाली की दाबाखालचा वायू बारीक भोकातून निर्वात पोकळीत एकदम सोडायचा. पसरता पसरता तो गारठतो आणि त्यातले रेणू शांत होतात. गर्दी ओसरते, थोड्याच रेषा उरतात, आणि लिपी वाचता येते.

इथे मला माझी एक जुनी फजिती सांगू द्या. वीस वर्षांपूर्वी मला एक मोडी पत्र सापडले. तिथी होती, वर्ष नव्हते, आणि मोर्तबाचा भाग फाटून गेलेला. ‘र’ लिहिण्याची एक विशिष्ट लकब पाहून मी ते एका प्रसिद्ध चिटणिसाचे ठरवले आणि उत्साहाने लेख छापला. माझे गुरुजी तेव्हा हयात होते. त्यांनी लेख वाचला आणि एवढेच विचारले, “अरे, किती ठिकाणी जुळलं?” मी म्हटले, “सर, एका.” ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “मग अजून एकदा बघ.” पुन्हा पाहिले तेव्हा ‘र’ जुळत होता, पण बाकीची वळणे जुळत नव्हती. पुढच्या अंकात मी दुरुस्ती छापली. हात कापत होते, पण छापली.

हे आठवले ते कशावरून, सांगतो. ताऱ्यांमधल्या पोकळीत काही जाडसर काळे पट्टेही आहेत. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत मेरी ली हेगर हिने १९१९ ते १९२२ च्या दरम्यान ५७८० आणि ५७९७ अँगस्ट्रॉमचे दोन पट्टे टिपले. आज असे पाचशेहून अधिक पट्टे माहीत आहेत आणि त्यांचे धनी कोण, हे बहुतेकांच्या बाबतीत अजून गूढ आहे. हेगरचे दोन्ही पट्टे अद्याप निनावीच आहेत. २०१० मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या एका गटाने जाहीर केले की ५०६९ अँगस्ट्रॉमपाशी एक फिकट पट्टा सापडला असून तो डायॲसिटिलीनच्या आयनाचा आहे. म्हणजे शूलरचा टी आता आकाशात! बातमी मोठी होती. वर्षभरातच, २०११ मध्ये, मायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी थंड केलेल्या आयनाचे प्रयोगशाळेतले मोजमाप पुढे ठेवले आणि दाखवले की आकाशातला पट्टा आपल्या पट्ट्याशी जुळत नाही. विचार करा, ज्या माणसाने या आयनांवर आयुष्य वेचले, तो आयन ताऱ्यांमध्ये सापडला असे जग म्हणते आहे, आणि तोच उठून सांगतो, हा तो नव्हे. किती ठिकाणी जुळलं, हा प्रश्न त्याने स्वतःच्या लाभाविरुद्ध विचारला.

आणि त्याच मायरच्या हातून पुढे खरी ओळख पटली. साठ कार्बन परमाणूंचा फुटबॉलसारखा गोल रेणू १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी शोधला. त्याबद्दल १९९६ चे नोबेल त्यांना मिळाले. १९९३ मध्ये मायरच्या प्रयोगशाळेने गोठलेल्या निऑनमध्ये त्याच्या आयनाचे पट्टे मोजले. १९९४ मध्ये फोइंग आणि एरेनफ्राइंड यांना त्यांच्या जवळपास, ९५७७ आणि ९६३२ अँगस्ट्रॉमपाशी, आकाशात दोन पट्टे मिळाले. जवळपास, नेमके नव्हे. कारण निऑनच्या बर्फात रेणू जरासा दबतो आणि पट्टे सरकतात. तेव्हा “सापडला” असे म्हणायला जागा होती, पण मोर्तब झाले नव्हते. मोकळ्या वायूतले मोजमाप करायला आणखी एकवीस वर्षे लागली. हे आयन उजेड देण्यात कंजूष, म्हणून तिथे युक्ती उलटी केली. आयन सहा केल्विनच्या आतबाहेर थंड केले, प्रत्येकाला हेलियमचा एकेक परमाणू चिकटवला, आणि कोणता रंग गिळला असता हेलियम गळून पडतो ते मोजले. २०१५ मध्ये आकडे जुळले: दोन्ही पट्टे, आणि जोडीला आणखी फिके पट्टेही. २०१९ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांनी त्यास पुष्टी दिली. यालाच म्हणतात चार ठिकाणी जुळणे.

शेवटची हकीकत अगदी अलीकडची, आणि ती पुन्हा दिलेल्या उजेडाची आहे, गिळलेल्या नव्हे. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा मेथिल आयन अंतराळातल्या सेंद्रिय रसायनाचा पाया असला पाहिजे, असे १९७० नंतरच्या दशकापासून मानले जात होते. पण तो सापडेना. तो अगदी समतोल असल्यामुळे रेडिओ दुर्बिणींपुढे मुका राहतो. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात, सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर, एका कोवळ्या ताऱ्याभोवतीच्या तबकडीतून येणाऱ्या अवरक्त उजेडात त्याच्या रेषा ओळखल्या. सात मायक्रोमीटरच्या आसपास त्या आहेत. इथेही खगोलशास्त्रज्ञांनी एकट्याने निकाल दिला नाही. प्रयोगशाळेतले वर्णपटज्ञ सोबत बसले, गिरक्यांचे गणित ताडून पाहिले, तेव्हा कुठे नाव छापले गेले. थंडीच्या रात्री मृगाच्या तीन ताऱ्यांच्या खाली नजर टाकलीत तर एक धुरकट ठिपका दिसतो. तोच तो तेजोमेघ. ज्या कार्बनी द्रव्यापासून कधीकाळी जीव घडतात, त्याची जुळवाजुळव तिथे चालली आहे, असा पुरावा आता आपल्या हातात आहे.

वाचकहो, स्वानची ज्योत ते मृगातला मेघ, असे हे १६६ वर्षांचे अंतर. यात यंत्रे पालटली, देश पालटले, काच जाऊन इलेक्ट्रॉनिक डोळे आले. एक रीत मात्र सगळीकडे तीच. आकाशाने काही सांगितले की ते प्रयोगशाळेत ताडून पाहायचे, आणि जुळले नाही तर आपल्याच आवडत्या निष्कर्षावर काट मारायची. आम्ही इतिहासाचे लोक याला दप्तर तपासणे म्हणतो. ते लोक काही वेगळे म्हणत असतील. माझे ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे. वर मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: लेखक अज्ञात. योग्य वाचक येईल तेव्हा येईल.

आता दिवा लावायला हरकत नाही. शेगडीवरचे दूध उतू जात नाही ना, तेवढे पाहा.